मोटारदुरुस्तीची घरगुती हत्यारे

मंडळी, या व्यासपीठावरून राजे, संत, ग्रंथ आणि क्रांत्या यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. पाना, पक्कड आणि हातोडा यांवर बोलावयास कोणी उभा राहिला असेल असे वाटत नाही. कार्यक्रमपत्रिका वाचून एका स्नेह्याने मला विचारले, “यात इतिहास तो कोणता?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सालांपासूनच सुरू करतो.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ साली निघाला. सुटे भाग बोटीने यावयाचे, येथे जोडावयाचे आणि विकावयाचे, असा तो व्यवहार होता. त्या काळी गाडीबरोबर तिच्या भागांचाही ओघ येत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे वाव उरला नाही आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. देशी कारखान्यांचा मार्ग मोकळा झाला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, तर बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स. धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कामगार चळवळीतला माणूस तसे म्हणणारही नाही. परंतु त्याचा एक परिणाम गल्लीतल्या गॅरेजावर झाला. रस्त्यावर डॉज, शेव्हरोले, ऑस्टिन, हिलमन अशा बहुविध गाड्या धावत होत्या आणि त्यांच्या भागांची आवक आटली होती. १९५६-५७ नंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात परवाना ही मोठी दुर्मीळ वस्तू झाली. नवी गाडी घ्यावी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावयाचे. तेव्हा जुनीच गाडी चालती ठेवणे भाग होते आणि ते काम मिस्त्रींच्या अंगावर पडले.

आता हत्यारांकडे वळू. मोटार बनविणाऱ्या कंपन्या दुरुस्तीचे पुस्तक काढीत आणि त्यात ठिकठिकाणी लिहिलेले असे की, येथे अमुक क्रमांकाचे खास हत्यार वापरावे. ते हत्यार कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात असे. भायखळ्याच्या किंवा कुर्ल्याच्या गॅरेजात ते कोठून येणार? पुस्तकच मुळी मिस्त्रीपाशी नसे, आणि असले तरी ते इंग्रजीत. त्याने खास हत्यार पाहिले नाही, पण ते काय काम करते हे त्याने ओळखले आणि तेवढे काम करणारी वस्तू स्वतः घडविली.

उदाहरण म्हणून आम्बॅसडर गाडीचा क्लच घ्या. क्लचची प्लेट बसविताना ती बरोबर मध्यावर यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. यासाठी मिस्त्री एखाद्या मोडीत निघालेल्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट जपून ठेवी. तो प्लेटमधून आत घातला, की प्लेट आपोआप मध्यावर येते. मग बोल्ट आवळावयाचे आणि शाफ्ट काढून घ्यावयाचा. हा शाफ्ट चोरबाजारात भंगाराच्या भावाने मिळे.

त्याच शाफ्टचा दुसरा उपयोग याहून विलक्षण आहे. क्रँकशाफ्टच्या टोकाशी एका आंधळ्या भोकात पितळी बुश बसविलेला असतो. तो झिजला की काढावयाचा कसा? मागून ठोकता येत नाही, कारण मागे बंद. पुढून पकडता येत नाही, कारण धरावयास कडाच नाही. मिस्त्री त्या भोकात ग्रीस ठासून भरतो, जुना शाफ्ट बुशच्या भोकात घालतो आणि त्यावर हातोडा मारतो. पुन्हा ग्रीस, पुन्हा हातोडा. चार-सहा ठोक्यांत बुश आपण होऊन पुढे सरकू लागतो! कोंडलेल्या ग्रीसला पळावयास वाट नाही, म्हणून ते बुशला मागून रेटते. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व बाजूंना सारखा पसरतो, हा सिद्धान्त सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्काल याने मांडला. आमच्या मिस्त्रीने पास्कालचे नाव ऐकलेले नसते. मी स्वतः रात्रीच्या शाळेनंतर पुस्तके चाळून हा सिद्धान्त शिकलो आणि तो कळला तो या बुशमुळे, हेही सांगून टाकतो. शाफ्ट मात्र भोकात नेमका बसणारा हवा. सैल असला तर ग्रीस तोंडावर उडते आणि पोऱ्ये हसतात.

मोजमापाचेही असेच. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते. ती मोजण्याच्या पोलादी पट्ट्या महाग. दाढीचे पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. चार पाती एकत्र धरली, की माप तयार. प्लगच्या फटीला ०.६ लागते, म्हणजे सहा पाती. ठिणगीची वेळ साधावयास एक छोटा दिवा आणि दोन तारा पुरतात. एक तार डिस्ट्रिब्यूटरला, दुसरी गाडीच्या अंगाला. पॉइंट मिटलेले असेतो दिवा विझलेला; उघडले की तत्क्षणी लागतो. खुणेवर इंजिन आणून, दिवा जेथे पेटतो तेथे डिस्ट्रिब्यूटर आवळावयाचा. पिस्टन आत घालताना रिंगा दाबून धरावयास तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून पट्टा करीत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी, एवढ्यावर कोणते बेअरिंग वाजते हे सांगणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

रस्त्यावरचे उपाय तर आपल्यातील पुष्कळांना ठाऊक असतील. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकावयाची. पाण्याबरोबर तिचे कण बारीक छिद्रात जाऊन बसतात. पेट्रोलची टाकी ठिबकली तर कपडे धुण्याचा साबण घासावयाचा, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात गाडी थांबली, तर पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवावयाचे. आत पेट्रोलची वाफ झालेली असते, ती निवली की पंप पुन्हा खेचू लागतो. यांतला फडक्याचा उपाय निर्धोक. साबण गावापर्यंत पोहोचण्यापुरता. हळद मात्र मला पटत नाही. ती गळती बुजविते तशी रेडिएटरच्या नळ्याही बुजविते. तसेच हातोड्याने कडेकडेने ठोकून कागदाचे गॅस्केट कापण्याची युक्ती बिडावर चालते, पण ॲल्युमिनियमची कड त्याने खराब होते. जुने ते सर्वच सोने नव्हे.

या कौतुकाच्या गोष्टींत एक बाजू नेहमी गाळली जाते. नळीने पेट्रोल काढताना पोऱ्या तोंडाने ओढी. काळे हात धुण्यास तो पेट्रोलच वापरी. त्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे, आणि ते कातडीतूनही अंगात जाते. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० पासून. ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ड्रममधली धूळ फुंकून उडविणे ही रोजची रीत होती. ती धूळ फुप्फुसात गेल्यावर काय करते हे आज सर्वमान्य आहे. ज्याने हे काम दहाव्या-बाराव्या वर्षी सुरू केले त्याच्या अंगात किती गेले असेल, याचा हिशेब कोणत्याही मालकाच्या वहीत नाही.

आणि मजुरीचे काय? १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी वर्गवारी आपल्याकडे रूढ झाली. एका गॅरेजमालकाशी पगाराची बोलणी करताना तो मला म्हणाला, “याच्यापाशी सर्टिफिकेट नाही, म्हणून हा अकुशल.” मिस्त्री वीस वर्षांचा जुना, शेजारीच उभा. मी म्हटले, “शेटजी, समोरच्या इंजिनातला बुश आपल्या सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरला काढावयास सांगा. तो काढील तर हा अकुशल.” सुपरवायझरने हसून मान फिरविली. मिस्त्री अर्धकुशल ठरला. कुशल ठरला नाही, कारण तशी जागाच त्या गॅरेजात मंजूर नव्हती.

आपल्याच देशात हे घडले असे नव्हे. क्यूबात १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला आणि १९६२ साली पूर्ण बंदी आली. तेथे पन्नासच्या दशकातील अमेरिकन गाड्या दुसऱ्या गाड्यांची इंजिने घालून अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालविल्या गेल्या. आज प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात. त्या चालविणारे हात छायाचित्रात क्वचितच येतात.

आमच्या मुंबईत १९६४ ची फियाट डिलाइट पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घेतले. तिचे उत्पादन शतक सरता सरता थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोक हळहळले. तिच्यावर पोटे भरणाऱ्या गॅरेजांबद्दल दोन ओळीही आल्या नाहीत, निदान माझ्या वाचनात नाहीत. नव्या गाडीचा दोष संगणक सांगतो आणि त्या संगणकाची किल्ली कंपनीपाशी असते. उरले हौशी लोक, जे जुन्या गाड्या रॅलीत मिरवितात. तेही अडले की त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीला शोधीत येतात, आणि त्यांनी द्यावयाच्या मजुरीबद्दल माझे त्यांच्याशी स्वतंत्र भांडण आहे.

गॅरेज बंद होते तेव्हा हत्यारे वजनावर विकली जातात. वाकविलेला पत्रा, लाकडात कोरलेला क्लचचा ठोकळा, जोडलेला पाना यांचा भाव भंगाराचाच. आपल्यापैकी कोणाच्या घरी, चाळीत किंवा ओळखीत असा मिस्त्री असेल, तर त्याची पेटी विकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा. प्रत्येक हत्यारास दोऱ्याने चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर चार गोष्टी लिहा: कोणत्या गाडीसाठी, कशापासून केले, कोणत्या साली आणि कोणी. पेटी ठेवावयास जागा नसेल तर आमच्या युनियनच्या कचेरीतले एक कपाट मी रिकामे करून ठेवले आहे.