आतल्या टाक्यांची ओळख

सिझेरियन झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले, की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : या वेळी कळा आल्या तर आतले टाके धरतील ना? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. इतक्या घरांतल्या या प्रश्नाला सोनोग्राफी कुठवर उत्तर देते, याचा शोध म्हणजे हे अभ्यासक्षेत्र.

वाचकांनी सुरुवात मागच्या शस्त्रक्रियेच्या कागदांपासून करावी. पोटावरची खूण आडवी असली, तरी गर्भाशयावरचा छेद उभा असू शकतो, आणि उभ्या छेदाचा धोका वेगळा. आडवा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात घेतात. दिवस भरत येतात तसा हा भाग ताणून पातळ होतो. सोनोग्राफीत त्याच्या एका अंगाला मूत्राशय दिसते, दुसऱ्या अंगाला गर्भजल. मधल्या पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. मूत्राशयाची भिंत धरून मोजले की केवळ स्नायू, यावर आकडा बदलतो. तेव्हा कोणताही आकडा समोर आला, की तो कसा मोजला हे तुम्ही आधी विचारा.

या विषयातला पायाभूत अभ्यास फ्रान्समधला. पॅट्रिक रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तो १९९६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. सिझेरियन झालेल्या ६४२ गर्भवतींची पट्टी छत्तिसाव्या ते अडतिसाव्या आठवड्यात मोजली, पण बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना मोजमाप कळू दिले नाही. या संयमामुळेच तो अभ्यास मला मोलाचा वाटतो. ४.५ मिलिमीटरहून जाड पट्टी असलेल्या २७८ जणींपैकी एकीचाही व्रण उसवलेला आढळला नाही. ३.५ किंवा त्याहून कमी जाडी असलेल्या १८७ जणींपैकी २२ जणींचा व्रण फाटलेला किंवा विरलेला निघाला.

इथे घाई करू नका. त्याच १८७ जणींपैकी १६५ जणींचे टाके शाबूत होते. जाड पट्टी मोठा दिलासा देते. पातळ पट्टी मात्र तेवढ्या खात्रीने संकट सांगत नाही. तिच्या जोडीला इतर गोष्टी पाहाव्याच लागतात : आधी कधी नॉर्मल बाळंतपण झाले आहे का, दोन बाळंतपणांत अंतर किती, आणि रुग्णालयात रात्री-अपरात्रीही ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ व रक्त तयार असते का.