वस्तरा, पट्टा आणि चौदा रुपये

आमच्या घरी सोप्यातल्या खुंटीला दादांची धोकटी टांगलेली असायची. तिच्यात एक वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि कडेनं पारा उडालेला हातआरसा. धारेचा दगड फडक्यात गुंडाळलेला. चामड्याचा पट्टा मात्र धोकटीच्या बाहेर, वेगळा लोंबकळायचा. माणदेशातल्या आमच्या गावाची निम्मी हजामत एवढ्या सामानावर चालायची. उरलेली निम्मी भावकीतल्या दुसऱ्या घराकडं होती.

दादांचा वस्तरा आजोबांपासूनचा. सातारा जिल्हा तसा फौजींचा. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या एका फौजीनं तो आजोबांना दिला, अशी घरातली गोष्ट. पात्याच्या शेपटीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती वाचणारं घरात कुणी नव्हतं. मी आठवीत गेल्यावर एकदा अक्षर-अक्षर लावून वाचलं, सोलिंगेन. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, जर्मनीतलं गाव असेल एखादं. पुढं कळलं, की इंग्लंडात शेफील्ड आणि जर्मनीत सोलिंगेन ही वस्तऱ्याची दोन माहेरघरं. आमच्या लिंबाखाली बसून शेतकऱ्यांच्या दाढ्या करणारं पातं समुद्रापलीकडून आलेलं होतं.

वस्तू तिकडची असली तरी धंदा इथला, आणि फार जुना. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात तांब्याचे वस्तरे सापडलेत. संस्कृतात त्याला क्षुर म्हणतात. आपला 'वस्तरा' हा शब्द फारसीतल्या उस्तऱ्यावरून आला. 'हजामत'चं मूळ अरबी आणि त्याचा केसांशी संबंधच नाही. तुंबडी लावून रक्त काढणारा तो हज्जाम. आजोबाही तुंबडी लावायचे, गळवं फोडायचे, असं आजी सांगायची. म्हणजे बारा बलुतेदारांतला न्हावी हा नुसता केस कापणारा नव्हता. लग्नात, जावळात, मर्तिकात त्याच्यावाचून अडायचं. मोबदला वर्षातून एकदा, सुगीला, खळ्यावर. धान्य मापून झालं की दादा उपरणं पसरायचे. कुणी ओंजळ जास्त टाकायचं, कुणी हात आखडायचं.

1972 चा दुष्काळ पडला आणि खळीच लागली नाहीत. बलुतं कशातनं मिळणार? लोक खडी फोडायला गेले, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. माझी नववी तिथंच सुटली. सुकडी आणि रेशनच्या लाल मिलोवर वर्ष काढलं. खडीच्या मजुरीतनं आईनं माझ्या नावानं बाजूला ठेवलेले पैसे चौदा रुपये झाले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. लोक पुन्हा रानात गेले, दाढ्या करून घ्यायला लागले. एका धोकटीत दोन माणसांचं भागंना. दादा म्हणाले, "आता तुझा तू वस्तरा घे. कार्तिकीला पंढरपूरला जा आप्पाबरं."

तोवर माझं शिकून झालं होतं. आधी दुध्या भोपळ्याला साबण लावून, मग माझ्याच पिंढरीवर, मग घरातल्यांवर. हात बरा बसला होता, पण पारखायचं कसं ते ठाऊक नव्हतं. ते आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी शिकवलं.

पंढरपुरात पहिल्याच दुकानात माझे डोळे दिपले. काचेच्या कपाटात नवाकोरा वस्तरा, लाल मूठ, आरशासारखं पातं. किंमत अकरा रुपये. मी हात पुढं केला, तर आप्पांनी कोपर ओढलं. म्हणाले, "चमक गालाला लागत न्हाय, लेका. धार लागती." दुकानदाराला विचारून त्यांनी तो वस्तरा कपाटाच्या काचेवर आडवा ठेवला आणि बोटानं टोकाशी दाबला. पातं डुगडुगलं. "वाकडं हाय. दगडावर कवाच सपाट बसायचं न्हाय. अर्ध्या पात्याला धार येईल, अर्धं तसंच राहील."

मग आम्ही घाटाच्या वाटेवर पोत्यावर जुनं सामान मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्यापाशी गेलो. कुलपं, अडकित्ते, फुटके चष्मे आणि त्यात सात-आठ वस्तरे. आप्पा उकिडवे बसले आणि एकेक उचलून मला दाखवायला लागले. ते सगळं आजही मला तोंडपाठ आहे.

पाठीवर गंज असला तर बिघडत नाही. धारेपाशी गंजाचे बारीक खड्डे असले तर तो वस्तरा ठेवून द्यायचा, कारण दगडावर कितीही घासला तरी खालनं नवा खड्डा निघतो. पातं डोळ्यासमोर धरून धार बघायची. सरळ असावी किंवा किंचित बाहेर फुगलेली. मधे आत गेलेली असली तर आधीच्या मालकानं दगड नीट वापरला नाही असं समजायचं. पाठीची झीज दोन्ही बाजूंनी सारखी हवी. वस्तरा मिटवला की पातं मुठीच्या बरोबर मधे बसलं पाहिजे, कडेला घासलं की धार मेली. पात्याचं दोन्ही बाजूंचं पोट खोलगट असेल तर ते लवतं आणि दाढीला हलकं जातं. जाडजूड पातं डोकं भादरायला चालतं, पण रोजच्या दाढीला हाताला जड. शेवटी नखानं टिचकी मारायची. चांगलं पोलाद टण्ण वाजतं, चिरलेलं बद्द.

आठांतला एकच वस्तरा या सगळ्यातनं पार पडला. रुंदी जेमतेम बोटभर. पाठ काळवंडलेली, मूठ शिंगाची, एका बाजूनं कीड लागलेली. दिसायला अगदी भिकारी. म्हाताऱ्यानं बारा सांगितले, आप्पांनी नऊवर आणला. उरले पाच. नवा पट्टा सात रुपयांचा होता. एसटीचं भाडं आणि चुरमुऱ्याचा प्रसाद धरला तर घरी जाईतो दोन-अडीच रुपये राहणार होते. "पट्टा सध्या दादाचा वापर," आप्पा म्हणाले.

चार दिवसांत मी दादांचा पट्टा कापला.

दगडावर वस्तरा धारेच्या दिशेनं पुढं सरकवतात, पट्ट्यावर उलटा, पाठ पुढं आणि धार मागं. शेवटाला आलं की पाठीवर लोळवून पातं पालथं करायचं. धारेवर फिरवलं तर चामड्यात शिरलंच. हे मला माहीत होतं. पण दादा चटाचटा आवाज काढायचे तसा आवाज काढायची हौस आली, पट्टा सैल धरला आणि करंगळीएवढी चीर पडली. दादा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी आई म्हणाली, "जा चांभारवाड्यात. आबांना इचार, एखादा तुकडा हाय का."

दादांचा पट्टाही आबांच्या हातचा आणि आजोबांचा आबांच्या वडलांच्या हातचा. दुष्काळात गावाची कितीतरी जनावरं चाऱ्यावाचून गेली होती. त्यातल्याच एका म्हशीचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आबांकडं होतं. मी दाराबाहेर उभा. आबांनी कातडं उलगडलं, मधल्या पाठीच्या भागावर अंगठा दाबून बघितला. म्हणाले, "पोटाचं कातडं ताणतं, पट्टा ढिला पडतो. पाठीचंच पायजे." दोन इंच रुंद, दीड हात लांब पट्टी कापली. आतली बाजू रापीनं तासली. कुठं सुरकुती, कुठं जाड-बारीक राहू दिलं नाही. गुळगुळीत बाजूवर बाटली घासत बसले. वर खुंटीला अडकवायचा फास शिवला, खाली धरायला लाकडाची दांडी. म्हणाले, "तेल जास्ती लावू नकोस. चिकाट हुतं. रोज तळहातानं चोळ, तेवढंच बास."

मी दोन रुपये पुढं केले. आबांनी ते बघितलेसुद्धा नाहीत.

"पैसं नकोत. माझी दाढी कर."

मी नुसताच उभा राहिलो. आबा सावकाश म्हणाले, "तुमच्या तीन पिढ्यांच्या वस्तऱ्याला आमच्या कातड्यावर धार आली. माझ्या गालाला ती कवा लागली न्हाय. म्हणून म्हणलं."

पुढचं सरळ सांगितलं पाहिजे. आमचा वस्तरा चांभारवाड्यात जात नव्हता, मांगवाड्यात नाही, बौद्धवाड्यातही नाही. तिथली माणसं एकमेकांची दाढी करायची किंवा ज्या गावात कुणी ओळखत नाही तिथल्या सलूनला जायची. अशी सेवा नाकारणं 1955 च्या कायद्यानं गुन्हा ठरून अठरा वर्षं झाली होती. ज्या पंढरपुरातून मी वस्तरा आणला, तिथल्या विठ्ठलाचं दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 सालीच सगळ्यांना उघडलं होतं. आम्ही सेना महाराजांची पुण्यतिथी करायचो, कीर्तन ठेवायचो. धोकटी मात्र वेशीच्या आतच फिरत होती. कुणाच्या भीतीनं, असं दादांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, गावाच्या. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आमच्याही मनात ते मुरलेलं होतं.

"येतो," असं म्हणून मी पट्टा घेऊन घरी आलो. तीन दिवस त्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला. आधी जाडंभरडं कापड ताणून त्यावर वीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस. तिसऱ्या दिवशी हाताच्या पाठीवरचा केस नुसता टेकताच तुटला. आता कारण उरलं नाही.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला गेलो. मी मोठा पराक्रम केला असं कुणी समजू नये. मी अंधार बघूनच गेलो, धोकटी पोत्यात गुंडाळून. आबांनी घराच्या मागल्या अंगाला पाट टाकला, पोरीनं कंदील धरला. गालाला पाणी लावताना माझा हात कापत होता. त्यांची दाढी राठ होती. गळ्याची कातडी ताणून धरायला हवी हे मी विसरलो आणि हनुवटीखाली लहानशी जखम झाली. मी तुरटी लावली. आबा हसले. म्हणाले, "हुतं. पट्टा करताना माझ्याबी बोटाला रापी लागली हुती." झाल्यावर त्यांनी आरसा मागितला आणि कंदिलाच्या उजेडात बराच वेळ धरून ठेवला.

दोन दिवसांत गावाला कळलं. अकरा घरांनी आमचं बलुतं बंद केलं आणि दुसऱ्या घराकडं गेली. दादा मला एवढंच म्हणाले, "वस्तरा तुझा हाय. पर घर पाच माणसांचं हाय." त्यांनी मला मारलं नाही, थांबवलंही नाही. पण ते स्वतः शेवटपर्यंत त्या वाड्यात गेले नाहीत. त्यांना मी दोष देत होतो. आता वय झाल्यावर कमी देतो.

पुढं कधीतरी वाचनात आलं, की 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. वाचून ऊर भरून आला. वस्तरा कुणाच्या डोक्यावर चालवायचा नाही, हे आमच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ठरवलं होतं. मग मनात आलं, कुणाच्या गालावर चालवायचा, हे आम्ही इतकी वर्षं का ठरवलं नाही?

1978 साली मी तालुक्याच्या स्टँडजवळ टपरी टाकली. एक लाकडी खुर्ची, एक मोठा आरसा. तिथं बलुतं नव्हतं, रोख पैसे होते, आणि खुर्चीवर बसणाऱ्याला मी गाव विचारत नव्हतो. गावात जे जमलं नाही ते खुर्चीनं सोपं केलं. त्यात माझं शहाणपण थोडं, दिवस बदलले होते ते जास्त. आबा एकदा बाजाराला आले तेव्हा त्या खुर्चीत बसले, भर दुपारी. मी पैसे घेतले नाहीत. पट्ट्याचे अजून फिटायचे होते.

मग अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले. एड्सची धास्ती पसरल्यावर तर गिऱ्हाईकच विचारायला लागलं, "ब्लेड नवं हाय नव्हं?" विचारणं रास्तच होतं. एकच पातं दहा गालांवर फिरवायचे दिवस संपले. दगड नको, पट्टा नको, पारख नको. माझ्या मुलाचं पुण्यात सलून आहे. त्याला वस्तऱ्याला धार लावता येत नाही आणि त्याची त्याला गरजही नाही.

तो नऊ रुपयांचा वस्तरा मी आता फक्त स्वतःसाठी वापरतो, रविवारी सकाळी. शिंगाची मूठ दोनदा बदलली. पातं झिजून निम्म्यावर आलंय, पण टिचकी मारली की अजून टण्ण वाजतं. पट्टा मात्र तोच आहे. वापरून काळा, काचेसारखा गुळगुळीत. मागच्या बाजूला, फासाजवळ, आबांच्या आरीची टोचलेली तीन टिंबं आहेत. तळहातानं पट्टा चोळताना ती हाताला लागतात. मग मी वस्तरा उघडतो आणि फेऱ्या मोजायला लागतो.