लोकलमध्ये शौचालय नाही म्हणून पाणी टाळताय? शरीरावर काय परिणाम होतो?

कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकललाही तासाहून अधिक वेळ लागतो आणि डब्यात शौचालय नसते. त्यामुळे कल्याण, डोंबिवली, ठाण्यातले अनेक नोकरदार, विशेषतः महिला, घरातून निघताना पाणी टाळतात. महिलांना मोफत आणि स्वच्छ मुतारी मिळावी यासाठी मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, ती याच अडचणीतून. म्हणजे दोष फक्त सवयीचा नाही.

पण शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. घाम वाळला तरच अंग थंड होते. खाडीकाठच्या दमट हवेत, त्यात गच्च भरलेल्या डब्यात, तो वाळत नाही, नुसता वाहत राहतो. पाणी आणि मीठ दोन्ही जाते. डोकेदुखी, थकवा, गडद पिवळी लघवी ही सुरुवातीची लक्षणे. हे रोजचेच झाले तर मूतखडा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

पाणी किती प्यावे?

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मते समशीतोष्ण हवामानात महिलांना दिवसाला २ लिटर, पुरुषांना २.५ लिटर द्रव पुरतो. यात वरण, ताक, फळे, अगदी चहाही आला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरज अर्थातच जास्त. उठल्याबरोबर, म्हणजे गाडीच्या तास-दीड तास आधी, दोन पेले प्यायले तर जादा पाणी बहुतेक घरीच निघून जाते. प्रवासात घोट-घोट आणि ऑफिसात थोड्या थोड्या वेळाने प्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण असाल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

व्यायामासाठी वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. शेअर रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत १५ मिनिटे झपझप चालत गेलात आणि तसेच परत आलात, तर पाच दिवसांत तेवढी भरतात.

उन्हात मात्र जपून. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले तर सावलीत न्या, अंगावर पाणी घालून वारा घाला, १०८ वर फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.