कुरुंद ते सँडिंग बेल्ट : अपघर्षकांचा इतिहास आणि गुणवत्तेची पारख

प्रस्तावना : बारा मावळांपैकी एक असलेल्या मुठे खोऱ्यात (ता. मुळशी, जि. पुणे), इतर मराठी मुलखाप्रमाणेच, सुतार हा बलुतेदारीतील महत्त्वाचा घटक होता. वाकस, पटाशी, किंकरे व रंधा ही त्याची हत्यारे. त्यांना धार तोच लावीत असे. त्यामुळे लाकडाचा गुळगुळीतपणा त्याच्या हाताच्या पारखीवर अवलंबून राही. यंत्रावर फिरणारा सँडिंग बेल्ट आल्यानंतर या पारखीचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अपघर्षकांचे औद्योगिकीकरण : भारतात धार लावण्यासाठी व घासण्यासाठी कुरुंद पूर्वापार वापरात होता, इंग्रजीतील 'कोरंडम' हे नावही भारतीय भाषांतूनच गेले. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना विद्युत भट्टीत सिलिकॉन कार्बाइड मिळाले. त्याच शतकाच्या अखेरीस बॉक्साइटपासून कृत्रिम कुरुंद, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, तयार होऊ लागला. महाराष्ट्रात 1941 मध्ये उरणजवळील मोरा येथे ग्राइंडवेलचा अपघर्षक चाकांचा कारखाना निघाला, तर 1954 मध्ये मद्रास येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल स्थापन झाली. अशा रीतीने निसर्गातील दगडाची जागा कारखान्यातील कणाने घेतली.

मात्र कारखान्याचा माल म्हणजे खात्रीचा माल, असे समीकरण मांडता येत नाही. 1902 मध्ये कुरुंदाच्या खाणकामासाठी स्थापन झालेल्या अमेरिकेतील 'थ्री-एम' कंपनीला खाणीत कुरुंदाऐवजी हलक्या प्रतीचे खनिज मिळाले. पुढे 1914 च्या सुमारास जहाजात ऑलिव्ह तेल लागलेल्या गार्नेटवर सरस धरेना आणि कागदावरील कण सुटू लागले. दोष डोळ्यांना दिसत नव्हता. त्यातूनच 1916 मध्ये कंपनीने प्रयोगशाळा उभारली.

गुणवत्तेचे घटक : बेल्टची प्रत कण, बंध, आधार व सांधा या चार घटकांवर ठरते. लाकडासाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड टिकाऊ ठरतो. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण, पण ठिसूळ असतो. सरसाचा बंध उष्णतेने व ओलाव्याने मऊ पडतो, म्हणून यंत्रासाठी राळेचा बंध श्रेयस्कर. आधारासाठी जाड 'एक्स' कापड दणकट, तर 'जे' कापड लवचीक असते. सागासारख्या तेलकट लाकडासाठी विरळ कणांचा बेल्ट घ्यावा, अन्यथा भुश्शाने तो लवकर भरतो. एकावर एक चढवलेल्या सांध्याचा बेल्ट पाठीवरील बाणाच्या दिशेनेच फिरवावा लागतो. 'पी' अक्षर युरोपीय मापन दर्शविते. 'पी 400' अमेरिकी 320 च्या जवळ येतो, हे न जाणल्यास निवड चुकते.

मुठे खोऱ्यासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात साठवणही तितकीच महत्त्वाची ठरते. सुमारे 45 ते 65 टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. दमट हवेत बेल्ट वाकतो व पट्टा सरळ चालत नाही. आरोग्याचा प्रश्नही येथे निगडित आहे. लाकडाच्या धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये मानवी कर्करोगकारक ठरविले असल्याने धूळ शोषून घेणारी यंत्रणा अनिवार्य मानावी लागेल.

निष्कर्ष : सुताराची पारख नाहीशी झाली नाही, ती धारेवरून बेल्टच्या पाठीवरील अक्षरांकडे सरकली. ती अक्षरे न वाचता येणारा कारागीर केवळ किमतीवर निवड करतो, आणि स्वस्त बेल्ट वारंवार बदलण्यात मजुरी व माल दोन्ही गमावतो. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकाम अभ्यासक्रमात यंत्र चालविण्याइतकेच हे वाचन शिकविणे आवश्यक आहे.