कर्नल अधिकाऱ्यांची शिस्त

श्रोतेहो, मोताळ्यासारख्या गावी कपाशी निघाल्यावर मोकळ्या वावरात पोरे चेंडूफळी खेळतात, तेव्हा प्रत्येकास फलंदाजी हवी असते. चेंडूमागे धावण्यास कोणी राजी नसतो. भारतीय क्रिकेटचेही पुष्कळ दिवस असेच चालले होते. ही खोड मोडण्याचा ध्यास घेणारे लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी हा आमचा आजचा विषय आहे.

अधिकारी १९१९ साली पुण्यास जन्मले. पेशाने सैनिक. १९४७ ते १९५९ या काळात ते २१ कसोटी सामने खेळले. धावा ८७२, शतक एकच. आकडे थोर नाहीत, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण १९५२ साली दिल्लीस पाकिस्तानाविरुद्ध त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या जोडीस १०९ धावांची भर घातली, तो भारतीय उच्चांक २००४ पर्यंत टिकला. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजविरुद्ध पाच सामन्यांत चार कर्णधार झाले. (असला संसार कोणत्या घरी सुखाचा होईल?) त्यांतले चौथे अधिकारी. दिल्लीच्या त्या सामन्यात त्यांनी ६३ व ४० धावा काढल्या, तीन बळी घेतले, सामना अनिर्णित राहिला. आणि त्यांचा कसोटी खेळ तेथेच संपला.

खरे काम पुढेच व्हावयाचे होते. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडास गेला, त्याचे व्यवस्थापक अधिकारी होते. त्या काळी संघास स्वतंत्र प्रशिक्षक नसे. शिकविण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. क्षेत्ररक्षणावर त्यांचा सैनिकी कटाक्ष होता. ओव्हलवर २३ ऑगस्टला चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेतले व इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. नाव चंद्रशेखरांचे झाले, ते योग्यच. परंतु जवळ तयार हात नसेल, तर फिरकीचा उत्तम चेंडूही वाया जातो. एकनाथ सोलकरांनी अंग झोकून नॉटचा जो झेल घेतला, त्यात आम्हांस कर्नलसाहेबांच्या कवायतीचा वाटा दिसतो. दुसरे दिवशी गणेश चतुर्थी होती. भारताने चार गडी राखून इंग्लंडच्या भूमीवरील पहिला विजय मिळविला.

तथापि १९७४ साली तेच व्यवस्थापक, तेच कर्णधार असताना लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत कोसळला आणि तिन्ही सामने गेले. झेल शिस्तीने घेता येतात. हवेत वळणारा चेंडू खेळण्याचे तंत्र केवळ शिस्तीने येत नाही, असे आमचे मत आहे. त्या दौऱ्यानंतर वाडेकरांचाही कसोटी खेळ थांबला. पुढे १९९३ साली भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० असे हरविले, तेव्हा संघाचे व्यवस्थापक वाडेकर होते.