चिकू, हापूस आणि धुराडं

जयगडला कोळशाचं १,२०० मेगावॉटचं वीजकेंद्र येणार म्हटल्यावर आमच्या रत्नागिरीतले आंबा बागायतदार कोर्टापर्यंत गेले. मी तेव्हा शाळेत होतो. वीज हवी, पण धूर नको, हा मला निव्वळ हट्ट वाटायचा. इंजिनिअरिंगनंतर डहाणूची गोष्ट वाचली आणि मत बदललं.

डहाणू म्हणजे चिकूच्या बागा. तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्राविरुद्धची लढाई लोक तशी हरलेच. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने मंजुरी कायम ठेवली. पण मंजुरीत एक अट होती: धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी. तत्त्व सोपं आहे. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, धूर त्याने धुतला की आम्लवायू त्यात विरतो. आणि केंद्र तर किनाऱ्यावरच! तरी ते यंत्रणेविनाच सुरू झालं. १९९६मध्ये कोर्टाच्या आदेशाने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्याने १९९९ला एफजीडी बसवायला सांगितलं. ती चालू व्हायला २००७ उजाडलं.

देशभरासाठी असा नियम आला डिसेंबर २०१५मध्ये, दोन वर्षांच्या मुदतीसह. मग मुदतवाढीवर मुदतवाढ. जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना सल्फरच्या मर्यादेतून सूटच मिळाली. कडक नियम उरला तो मुख्यतः दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्यांना. डहाणू काय, जयगड काय, अशा कुठल्याच शहराजवळ नाही.