फॉस्फेटधारी प्रथिनांचे स्फटिकीकरण : खारघरशी निगडित एक प्रकरण

समरूप रेणूंची शिस्तबद्ध मांडणी म्हणजे स्फटिक. परंतु पेशीत प्रथिन घडल्यानंतर त्यावर जडणारे फॉस्फेट वा शर्करा प्रत्येक रेणूवर सारखी नसते. त्यामुळे स्फटिक मिळणे दुष्कर होते. ही अडचण बीआरसीए-१ या प्रथिनाच्या बाबतीत कशी ओलांडली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

या प्रथिनाचा शेवटचा भाग फॉस्फेटधारी सहचर प्रथिनांना ओळखतो, हे २००३ साली दिसून आले. तेव्हा संशोधकांनी अखंड सहचराचा आग्रह सोडला. एकाच सेरीनवर फॉस्फेट असलेला आखूड पेप्टाइड त्यांनी रासायनिक रीतीने घडविला व त्या भागासह त्याचे स्फटिक मिळविले. अशा रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सीटीआयपी प्रथिनातील ३२७ व्या सेरीनभोवतीच्या पेप्टाइडाची रचना २००५ मध्ये बोस्टन येथे अशोक वर्मा व सहकाऱ्यांनी उलगडली. पुढे वर्मांनी पनवेल तालुक्यातील खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात बीआरसीए-१ चा अभ्यास चालविला.

१७७५ व्या स्थानी मेथिओनिनऐवजी आर्जिनिन आले, तर पेप्टाइडातील फिनिलअ‍ॅलनीनची खोबण बुजते व बंधन तुटते. एखाद्या स्त्रीच्या जनुकातील बदल घातक की निरुपद्रवी, याचा निर्णय करण्यास ही रचना साहाय्यभूत होते. मात्र तुकडा म्हणजे अखंड प्रथिन नव्हे, याचे भान अभ्यासकाने सोडू नये.